विचारणाऱ्याची झोळी

‘मुलाखत’ हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो. तो मूळचा अरबी. फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आला. आमच्या घरी दखनीत ‘मुलाकात’ म्हणजे नुसती भेट. ईदच्या दुसऱ्या दिवशी अब्बा शिरखुर्म्याचा डबा घेऊन ‘मुलाकात करके आता’ म्हणत बाहेर पडायचे आणि चार घरे फिरून संध्याकाळी परतायचे. जुन्या मराठीतही मुलाखत म्हणजे भेटच होती. पुढे वर्तमानपत्रे आली आणि मराठीने या भेटीला प्रश्नोत्तरांचे काम लावून दिले. हिंदीने त्याच कामासाठी ‘साक्षात्कार’ हा शब्द निवडला. मराठी माणसाला तो ऐकला की विठोबा आठवतो, त्यामुळे ‘मंत्रीजी से साक्षात्कार’ असा मथळा वाचून शाळेत आम्ही पोट धरून हसलो होतो. गंमत सोडा, पण हे तिन्ही अर्थ एका ओळीत मांडून पाहा. आधी भेट, मग प्रश्न, आणि नशीब असेल तर शेवटी थोडासा साक्षात्कार. चांगल्या मुलाखतीत आणखी काय असते?

आज मला मुलाखतीच्या एकाच प्रकाराबद्दल बोलायचे आहे. पत्रकाराने पुढाऱ्याची किंवा निवेदकाने नटीची घेतलेली मुलाखत आपण नेहमीच ऐकतो. लिहिणाऱ्याने लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याने गाणाऱ्याला, म्हणजे एका कामातल्या माणसाने त्याच कामातल्या दुसऱ्याला विचारणे ही गोष्ट वेगळी. तिचा फायदा नेमका कोणाला होतो? मला वाटते, विचारणाऱ्याला सर्वांत जास्त. हे मी एका छोट्या फजितीतून शिकलो.

साल १९९३. बी. ए. होऊन बसलेल्या आम्ही चौघांनी कोल्हापुरात एक अनियतकालिक काढले. नियत एकच, पैसे जमले की अंक काढायचा. तीनशे प्रती. पहिल्या दोन अंकांत आमच्याच कविता. तिसऱ्या अंकाच्या वेळी ध्यानात आले की चौघांच्याही वह्या रिकाम्या झाल्या आहेत आणि आमचे वाचक म्हणजे आमचेच मित्र आहेत. तेव्हा एकाने तोडगा काढला. बेळगावात एक गृहस्थ आमच्यासारखेच छोटे नियतकालिक चालवत होते. त्यांनाच जाऊन विचारायचे आणि ते छापायचे. पाने तर भरतील!

मी एस. टी.ने गेलो. त्यांचे शिलाईचे दुकान होते. मशीन थांबवून ते माझ्याशी तीन तास बोलले. मी वहीत नऊ प्रश्न लिहून नेले होते. तिसऱ्या प्रश्नालाच त्यांनी मला उलट विचारले, ‘तुमचा अंक वाचून एखाद्याने भांडायला पत्र लिहिले आहे काय?’ नव्हते लिहिले. ‘मग तुम्ही वाचकांसाठी नाही, एकमेकांसाठी काढता.’ माझे कान लाल झाले. पण ते वाक्य मी छापले. अंक निघाला, त्यांनी तो आपल्या वाचकांना दाखवला आणि बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून आम्हाला बावीस वर्गणीदार मिळाले. आमच्या वाचकांतल्या काहींनी त्यांची वर्गणी भरली. त्यांचे काही कमी झाले नाही, आमचेही नाही. व्यापारात असे क्वचित घडते.

ही युक्ती आम्ही काही शोधून काढलेली नव्हती. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथच मुळी विचारून-विचारून लिहिलेला आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. चक्रधरस्वामी निघून गेले होते. त्यांचे अनुयायी ऋद्धिपूरला, आजच्या अमरावती जिल्ह्यात, गोविंदप्रभूंच्या आश्रयाने राहत होते. त्यांत म्हाइंभट होते. मोठे पंडित. चक्रधरांना वादात हरवायला आले आणि त्यांचेच होऊन राहिले. नागदेवाचार्यांच्या तोंडून स्वामींच्या आठवणी ऐकताना त्यांना वाटले, हे सारे लिहून ठेवले पाहिजे. मग त्यांनी काय केले? एका जागी बसून स्तोत्र रचले नाही. स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना त्यांनी गाठले आणि एकेकाला विचारले: तुम्ही काय पाहिले, स्वामी काय बोलले, तेव्हा तुम्ही कुठे होता? एकाच प्रसंगाबद्दल दोघांनी दोन तऱ्हा सांगितल्या तर त्या दोन्ही नोंदवण्याची शिस्त या परंपरेने पाळली. ‘लीळाचरित्र’ असे जमले.

म्हाइंभटांनी ज्यांना विचारले ते त्यांचे गुरुबंधू आणि गुरुभगिनी होते, एकाच वाटेवरचे सोबती. वाट विचारणाऱ्याच्याही पायाखालची होती. म्हणून त्या ग्रंथात बाजार आहे, जेवण आहे, रुसवेफुगवे आहेत, म्हाताऱ्यांच्या शंका आहेत. परका माणूस आला असता तर त्याने फक्त चमत्कार विचारले असते.

याच ग्रंथात महदाइसा भेटते. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिला मान देतो, ‘धवळे’ रचणारी म्हणून ओळखतो. पण लीळाचरित्रातली महदाइसा पानोपानी काय करते? ती प्रश्न विचारते. तिच्या जिज्ञासेचे खुद्द चक्रधरांनी कौतुक केले आहे. आपली पहिली कवयित्री पक्की प्रश्न विचारणारी होती, ही गोष्ट कविता लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी.

म्हाइंभटांनंतर काही वर्षांतच, १३०८ साली, दिल्लीत एक कवी अशाच कामाला लागला. त्याचे नाव अमीर हसन सिजझी. फारसी गझलेत त्याचा दबदबा एवढा की लोक त्याला हिंदुस्थानचा सादी म्हणत. अमीर खुसरोचा तो मित्र. निजामुद्दीन औलियांच्या बैठकीला हसन जाऊ लागला, शंका विचारू लागला आणि घरी येऊन ऐकलेले टिपू लागला. लिहिलेली पाने त्याने शेख साहेबांना दाखवली. १३२२ पर्यंत हे काम चालले. त्यातून ‘फवाइदुल फुआद’ हा ग्रंथ झाला. परंपरा अशी सांगते की खुसरो म्हणत असे, माझे सगळे ग्रंथ हसनने घ्यावेत आणि हा एक मला द्यावा. हे ऐकीव असेलही. पण हसनच्या गझला आज अभ्यासकांपुरत्या उरल्या आणि हा संवादांचा ग्रंथ अजून वाचला जातो, ही गोष्ट खरी आहे. स्वतःच्या शब्दांनी जे मिळाले नाही ते त्याला दुसऱ्याचे शब्द नीट ऐकल्याने मिळाले.

हे दिल्लीचे उदाहरण मी सांगतो आहे, कारण तो कवी आपल्याकडेच झोपला आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीकरांना दौलताबादला आणले, त्यांत हसनही आला. त्याची कबर खुलताबादला आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या मातीत, चक्रधरस्वामी जिथे हिंडले त्या पैठणपासून फार दूर नाही. मी तिथे गेलो होतो. बऱ्याच लोकांना औरंगजेबाची कबर माहीत असते, पण हसन कुठे आहे ते विचारत जावे लागते. विचारणाऱ्या कवीकडे विचारत विचारत जायचे, हे मला योग्यच वाटले.

आता आपल्या कोल्हापुरात येऊ.

१८५५ मध्ये राजस्थानातल्या उनियाऱ्यात जन्मलेले उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या आश्रयाला कोल्हापुरात आले आणि महाराज असेपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, इथे राहिले. जयपूर-अत्रौली म्हणून आज जगभर ओळखली जाणारी गायकी या गावात नांदली, वाढली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे नंतरचे वैभव. पण ही गायकी अशी वळणाची, अशी अवघड का झाली? त्याचे एक उत्तर स्वतः खाँसाहेबांनीच देऊन ठेवले आहे. तरुणपणी आमलेटा संस्थानात गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला. तो परत आला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. मग त्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांना घडवावी लागली. केवढी गोष्ट! एका गळ्याच्या दुखापतीतून एक घराणे उभे राहिले.

ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली, कारण उतारवयात त्यांचे नातू अझीझुद्दीन खाँ त्यांच्यासमोर लिहायला बसले. आजोबांनी उर्दूत सांगितले, नातवाने उतरून घेतले. अझीझुद्दीन हे भूर्जी खाँसाहेबांचे चिरंजीव. गाणे घरातच, त्यामुळे काय टिपायचे ते त्यांना कळत होते. कोणत्या गावी कोण गवई होता, कोणाची चीज कोणाकडे गेली, कोणत्या दरबारात काय घडले हे असल्या लिखाणात येते, ते विचारणारा आणि लिहिणारा त्याच कुळातला असतो म्हणून. खाँसाहेब १९४६ मध्ये गेले. ते कथन इंग्रजीत पुस्तकरूपाने यायला २००० साल उजाडले. पन्नास वर्षांहून अधिक काळ ते कागद थांबले, पण कागद होते म्हणून थांबू शकले.

दुसरे नाव गोविंदराव टेंबे यांचे. कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात १८८१ मध्ये जन्मलेला हा माणूस पेटी वाजवणारा, ‘मानापमान’ला चाली देणारा, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र होणारा. त्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिले आणि १९५४ मध्ये अल्लादिया खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले. स्वतः एवढा नावाजलेला कलावंत. आपलेच पोवाडे गात बसला असता तरी लोकांनी ऐकले असते. तसे न करता ते आयुष्यभर दुसऱ्यांचे गाणे कान देऊन ऐकत राहिले आणि दुसऱ्यांबद्दल लिहीत राहिले. आज गोविंदरावांचे शब्द संगीताचे अभ्यासक पुन्हा पुन्हा उघडतात, त्याचे कारण त्या शब्दांत बालगंधर्व आहेत, भास्करबुवा आहेत, खाँसाहेब आहेत. दुसऱ्यांना जागा दिल्याने त्यांची स्वतःची जागा मोठी झाली.

याच्या उलट काय होते तेही कोल्हापूरनेच पाहिले आहे. बाबूराव पेंटर यांनी स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला, १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. ‘सावकारी पाश’ची प्रत आज उरलेली नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या व्ही. शांताराम यांनी आत्मचरित्रात त्या दिवसांबद्दल लिहिले, म्हणून आपल्याला थोडे दिसते. चित्रपट गेला तरी आठवण टिकते, पण ती कोणीतरी काढून घ्यावी लागते.

परदेशात हे काम नीट योजून झाले. १९६२ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सचा तरुण दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफाँ अमेरिकेत आल्फ्रेड हिचकॉकला भेटला. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती, मध्ये दुभाषी बाई बसल्या होत्या. आठवडाभर प्रश्नोत्तरे चालली. एकेक चित्रपट घेऊन त्रुफाँ विचारत होता: कॅमेरा इथे का ठेवला, हा तुकडा का कापला? हिचकॉक म्हणजे भीतीचे खेळ करणारा गल्लाभरू माणूस, अशी तेव्हा अमेरिकेतल्या अनेक समीक्षकांची समजूत होती. १९६६ मध्ये पुस्तक आले आणि लोक त्याच्याकडे कलावंत म्हणून पाहू लागले. त्रुफाँला तर चित्रपटाची शाळाच भेटली. कारागिराने कारागिराला विचारले की ‘तुमच्या यशाचे रहस्य काय?’ असला प्रश्न येत नाही. ‘हा सांधा कसा बसवला?’ असा येतो, आणि अशा प्रश्नाला माणूस खरे उत्तर देतो.

१९५३ मध्ये पॅरिसमध्ये काही तरुण अमेरिकन लेखकांनी ‘पॅरिस रिव्ह्यू’ नावाचे त्रैमासिक काढले. नव्या नियतकालिकाची अडचण जगात सगळीकडे सारखीच. नामवंतांचे साहित्य विकत घ्यायला पैसे नाहीत. पण नामवंतांना प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत! पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत आली. १९२४ नंतर ज्यांनी कादंबरी छापली नव्हती त्या लेखकाने आपली एक कादंबरी अर्धवट का राहिली ते मोकळेपणाने सांगितले. मोठा लेखक कुठे अडतो हे कळले की नवा लेखक अर्ध्या भीतीतून सुटतो. त्या त्रैमासिकाच्या मुलाखती आजही चालू आहेत. आपल्याकडे जयवंत दळवींनी ‘साहित्यिक गप्पा’ या पुस्तकात दहा साहित्यिकांना बोलते केले, तेही कादंबरीकाराच्या नजरेने.

माझ्या स्वतःच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. मी मराठीत कविता लिहितो हे कळले की लोक प्रेमाने विचारतात, ‘तुमचं मराठी एवढं चांगलं कसं?’ मी काय सांगणार? माझे आजोबा मराठी शाळेत शिकले, आमच्या गल्लीतल्या तालमीत पंजे आणि गणपती शेजारी शेजारी बसतात, मी स्वप्नेही मराठीत बघतो. प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला असतो, पण तो मला दाराबाहेरच उभा करतो. १९९० मध्ये सोलापूरला फकीर म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. त्यानंतरच्या काळात अशा मेळाव्यांतून लिहिणारी माणसे एकमेकांना भेटू लागली. तिथे पहिल्यांदा एका समवयस्क कवीने मला विचारले, ‘अम्मीचे बोलणे दखनीत आणि कविता मराठीत, मग कवितेत अम्मी बोलते तेव्हा काय करतोस?’ माझ्या आयुष्यातला तो पहिला खरा प्रश्न. त्याचे उत्तर तेव्हा देता आले नाही. पण पुढचा अख्खा कवितासंग्रह त्या उत्तरासाठीच लिहिला गेला. प्रश्न असा घरातला असला की तो माणसाला कामाला लावतो.

तालमीत जाणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. नुसते जोर-बैठका मारून पैलवान तयार होत नाही. त्याला जोडीचा पैलवान लागतो. त्याच्याशी झोंबल्यावरच आपला कुठला पाय कच्चा आहे ते कळते. लिहिणाऱ्याचेही तसेच. आणि कुस्ती खेळून दोघेही तालमीतून ताजे होऊनच बाहेर पडतात. कोणी कोणाची ताकद घेऊन जात नाही.

एवढे सगळे कळत असून मी एक चूक केली. ती सांगितल्याशिवाय हे बोलणे खोटे ठरेल.

पन्हाळ्याच्या बाजूला एका खेड्यात एक निवृत्त गुरुजी होते. भारुडे रचायचे, गायचे. त्यांनी पुस्तक काढले नाही. शब्द मात्र असे टाकायचे की शेतातला माणूस हसता हसता गप्प व्हायचा. आमच्या छोट्या अंकात त्यांच्या दोन रचना आम्ही छापल्या होत्या. भेटले की म्हणायचे, ‘ये की एकदा घरला. निवांत बसू. हे कसं जुळवायचं असतं ते सांगतो तुला.’ मी म्हणायचो, ‘येतो की गुरुजी.’ असे अकरा वर्षे चालले. कधी मुलीची परीक्षा, कधी पाऊस, कधी नुसताच आळस. टेपरेकॉर्डर घेतला होता, कोऱ्या कॅसेटी आणल्या होत्या. मग एका श्रावणात निरोप आला. मी गेलो तेव्हा घरच्यांनी त्यांच्या वह्या दाखवल्या. रचना होत्या, पण कशा जुळवल्या ते कुठेच नव्हते. काही ओळींवर बारीक खुणा होत्या, चढ-उताराच्या असाव्यात. त्या खुणा वाचू शकणारा एकच माणूस होता आणि तो मला अकरा वर्षे बोलावत होता. त्या कॅसेटी अजून माझ्या कपाटात आहेत, कोऱ्याच.

म्हणून ऐकणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत जे कोणी काही लिहीत असतील, गात असतील, मूर्ती घडवत असतील, चपला शिवत असतील, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या कामातला दुसरा माणूस शोधा आणि त्याच्याकडे जा. जाण्याआधी त्याचे काम बघून जा, म्हणजे प्रश्न आपोआप सुचतील. लिहिलेले त्याला वाचून दाखवा, हसनने दाखवले तसे. दोघांनी दोन तऱ्हा सांगितल्या तर दोन्ही लिहा, लीळाचरित्राने शिकवले तसे. आणि त्याने उलटा प्रश्न विचारला तर कान लाल होऊ द्या. आज टेपरेकॉर्डरही लागत नाही, खिशातल्या फोनवर सारे टिपता येते. लागतो तो फक्त एका दुपारचा वेळ.

महानुभावांच्या खांद्याला झोळी असायची, फकिराच्याही असते. दारोदार मागून आणलेले पुष्कळदा दुसऱ्याच्याच मुखी जाते. विचारणाऱ्याची झोळीही तसलीच. आपण मागायला जातो ते स्वतःसाठी, पण जेवते पुढची पिढी. माझ्या झोळीत एका गुरुजींचा घास राहून गेला. तुमच्या झोळीत तो राहू नये.